चारशेतीनवाला खडूस

घोडबंदर रोडच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा नेमकं माझं रूट कॅनल चालू होतं. अर्धा जबडा बधिर, तोंड उघडलं तर लाळ गळेल ही धास्ती, त्यामुळे लिफ्टमध्ये कोणी "नवीन का तुम्ही?" विचारलं की मी नुसती मान हलवायचो. झालं, बी विंगने निकाल देऊन टाकला, चारशेतीनवाला खडूस आहे.

ह्या प्रकाराला ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये रीतसर नाव दिलंय, फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर. म्हणजे समोरचा कसाही वागला की कारण त्याच्या स्वभावात शोधायचं, त्याच्यावर काय वेळ आलीये ते बघायचंच नाही. आमचे सेक्रेटरी काका गाडी तिरकी लावतात कारण त्यांना घाई असते. मी लावली की संस्कार निघतात.

बरं, शिक्का एकदा बसला की बसला. सॉलोमन ॲश ह्या आणखी एका मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्येच दाखवलंय हे. लोकांना एका माणसाचे गुण वाचून दाखवले, हुशार, कुशल, कष्टाळू, निश्चयी वगैरे, फक्त मधला एक शब्द बदलला, अर्ध्यांना 'प्रेमळ' सांगितलं आणि अर्ध्यांना 'थंड'. मग विचारलं हा माणूस उदार असेल का? प्रेमळवाल्यांपैकी ९१ टक्के हो म्हणाले, थंडवाल्यांपैकी ८. विनोदी असेल का, तर ७७ आणि १३! बाकी यादी तीच हो! म्हणजे आमच्या विंगेत हा लेख कोणी वाचला तरी हसणार नाही.

गणपतीची वर्गणी जरा जास्त दिली तर "पैशाचा माज बघा". पोरांचा बॉल बाल्कनीत आला, लगेच खाली टाकला, तर "टाकला कसा बघितलंत ना, रागाने". विसर्जनाला नाचलो तेव्हा तर दोन काकू एकमेकींकडे असं बघत होत्या की मी घेऊनच आलोय.

मग म्हटलं चेहरा दाखवत राहू. झायोन्स ह्या मानसशास्त्रज्ञाचं १९६८ चं संशोधन आहे, एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा दिसली तरी आवडायला लागते. रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. पण ह्यात एक मेख आहे, आधीच नावडलेली गोष्ट सारखी दिसली तर ती अजून नावडू शकते. वॉचमनला सांगून ठेवलं गेलं, जरा लक्ष ठेव.

शेवटी जुना अमेरिकन नेता बेंजामिन फ्रँकलिन धावून आला. ह्या गृहस्थाने विधानसभेतल्या आपल्या विरोधकाकडून एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागून घेतलं आणि त्यानंतर दोघांची दोस्ती झाली, आत्मचरित्रातच लिहिलंय त्याने. कारण आपण ज्याला मदत केली तो माणूस वाईट कसा असेल, असं मन स्वतःचीच समजूत घालतं. मी सरळ सेक्रेटरी काकांकडे गेलो आणि ड्रिल मशीन मागितलं.

काका असे खुलले म्हणून सांगू! चहा झाला, बिट कुठला लावायचा ह्यावर व्याख्यान झालं, आणि "तुला नाही जमणार" म्हणून स्वतःच येऊन भोक पाडून गेले. आता ते सगळीकडे सांगत फिरतात की पोरगा लाखात एक आहे हो, फक्त हातात कला नाही. त्यामुळे दर रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन हजर. गेल्या रविवारी माझ्या चांगल्या चालणाऱ्या पंख्याचा रेग्युलेटर उघडलाय, पार्ट मिळाला की बसवतो म्हणालेत, आणि इलेक्ट्रिशियन बोलवायची माझी हिंमत होत नाहीये.