पिएट हुजऱ्या की हुशार?

'स्टार वॉर्स'मध्ये साम्राज्याच्या ताफ्यातल्या ॲडमिरल पिएटचं काम करणारे केनेथ कॉली 2025 मध्ये गेले, तेव्हापासून बंड्याने पिएटची बाजू जी उचलून धरलीये, ती खाली ठेवायचं नाव नाही. परवा मेजरने आल्या आल्या त्यालाच डिवचलं. (मेजर फौजेत कधीच नव्हता. आवाजामुळे नाव पडलंय.)

"हुजऱ्या होता रे तुझा पिएट! साहेब शेजारी गुदमरून मरतोय आणि हा ताठ उभा. बढती मिळाल्यावर वर म्हणतो, थँक्यू, लॉर्ड व्हेडर!" (व्हेडर म्हणजे सम्राटाचा उजवा हात. चुकलेल्याचा गळा दुरूनच आवळतो.)

"मग काय म्हणायचं होतं?" सुमीने विचारलं. "घरी विचारून कळवतो?"

"तत्त्व म्हणून काही असतं की नाही? राजीनामा तोंडावर फेकायचा!"

"कुणाच्या तोंडावर? त्याला तोंडच दिसत नाही, नुसता मुखवटा."

मेजरचा आवाज चढला. फौजेत असं असतं, फौजेत तसं असतं, हे सुरू झालं. हा सगळा भाग गाळतो, कारण तो दर वेळी तोच असतो.

बंड्याचं म्हणणं असं की लोकांना ते थँक्यू आठवतं, त्याच्या आधीचं आठवत नाही. "बंडखोर लपले होते त्या हॉथ ग्रहाचा माग कुणी काढला? शोधयानाचा तो अर्धवट संदेश हातात घेऊन ऑझेलकडे, त्या मेलेल्या साहेबाकडे, गेला कोण? ऑझेल म्हणतो, असली हजारो यानं फिरतायत, मला पुरावा हवा. पिएट तेव्हा कॅप्टन. तरी हटला नाही. म्हणाला, साहेब, हॉथवर माणसाची वस्ती असायलाच नको. एवढं व्हेडरच्या कानावर पडलं आणि काम झालं. बढती गळ्यावर मिळाली असेल, पण लायकी आधीच दाखवली होती."

"आणि ऑझेल मेला तो स्वतःच्या अकलेने," सुमी म्हणाली. "ताफा प्रकाशवेगातून हॉथला इतका खेटून बाहेर काढला की बंडखोरांनी ढाल उभारली. मग बसा बर्फात पायदळ उतरवत."

"बरं, लायकी होती," मेजर म्हणाला. "पण कणा? व्हेडरने भाडोत्री शिकारी बोलावले ते पटलं नाही, तर पुटपुटला. तोंडातल्या तोंडात!"

हा मुद्दा बरा होता, हे मान्य करायला हवं. पण मेजरला थांबायचं कळत नाही. लगेच म्हणाला, "त्यापेक्षा कॅप्टन नीडा मर्द! बंडखोरांचं फाल्कन यान निसटल्यावर स्वतः गेला व्हेडरची माफी मागायला."

"मिळाली की माफी," सुमी म्हणाली. "प्रेतालाच, पण मिळाली."

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मला 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' सिनेमाचा शेवट आवडतो. फाल्कनचं हायपरड्राइव्ह, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने पळायचं इंजिन, बंद केलंय असं पिएट छातीठोक सांगतो, आणि फाल्कन डोळ्यांसमोरून भुर्रकन नाहीसं. व्हेडर वळतो, एक शब्द न बोलता निघून जातो. पिएट हलत नाही. सबब नाही, खुलासा नाही. नुसता बघत राहतो. मी 1980 पासून तो सीन बघतोय, दर वेळी माझाच घसा कोरडा पडतो."

"दाखव रे मेजर," बंड्या म्हणाला, "व्हेडरच्या जहाजाच्या त्या ब्रिजवरून, म्हणजे कमांड-रूममधून, 'रिटर्न ऑफ द जेडाय'पर्यंत जिवंत पोचलेला दुसरा ॲडमिरल."

"पोचून काय दिवे लावले? 19 किलोमीटरचं ते जहाज, एक्झिक्युटर! एक ए-विंग लढाऊ यान ब्रिजमध्ये घुसलं आणि खलास. ढाल गेल्यावर ह्याला सुचतं काय, तर पुढचा मारा वाढवा!"

"सम्राटाचाच हुकूम होता, हल्ला करू नका, फक्त पळू देऊ नका," सुमी म्हणाली. "एवढा ताफा शोभेला उभा करायला लावला म्हाताऱ्याने. अक्कल वरच्याची, खापर खालच्यावर."

"आणि ज्याने एक्झिक्युटरवर सगळा मारा करायला सांगितलं, त्या बंडखोरांच्या ॲडमिरल अकबारचं काय झालं?" काका म्हणाले. "2017 च्या सिनेमात त्याचाही ब्रिजच उडाला. इतर मेलेल्यांबरोबर नाव घेतलं, संपला विषय."

"पिएटला निदान ओरडायला मिळालं," बंड्या म्हणाला. आणि मग अचानक, विषयाशी काही संबंध नसताना: "मेजर, मला काढून तुला क्विझचा कप्तान केलं, तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

"ते वेगळं."

"'विश्वास दाखवल्याबद्दल आभार.' मी शेजारी उभा होतो!"

"तुझा गळा कुणी दाबला नव्हता!"

"तेवढंच राहिलं होतं. आणि फायनलला? प्रश्न संपायच्या आत बझर दाबून विचारतो, 'प्रश्न काय आहे?'"

काकांना ठसका लागला. मेजर कानापर्यंत लाल. "अरे, चुकून दाबला गेला. आता काय जन्मभर ऐकवणार? हे बघ, तुझी माफी माग..."

"थांब!" सुमी दोन्ही हात वर करून ओरडली. "माफी नको! नीडा आठव!"

मग कुणालाच बोलता येईना. मेजरने स्वतःचाच गळा धरून जीभ बाहेर काढली, तेव्हा तर काका कट्ट्यावरून खाली उतरून उभे राहिले. बंड्या तेवढा हसता हसता म्हणत होता, "पण उत्तर मला येत होतं रे..."