लिंक्डइनवर नोकरी कशी मिळवावी (मला मिळाली आहे म्हणे)

नोकरी शोधताय? मग मला विचारा. मला नुकतीच लागली आहे. कुठे, कधीपासून, पगार किती, हे मला ठाऊक नाही; पण चार हजारांवर लोकांनी त्या बातमीला लाइक दिलंय आणि राजेंद्रनगरच्या मावशी पेढ्यांची वाट बघताहेत. एवढ्या अधिकारावर दोन शब्द सांगायला हरकत नसावी.

सुरुवात फोटोपासून. लग्नातला फोटो कापून लावला की नवऱ्याचा अर्धा खांदा राहतो, तो दिसता कामा नये. रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे इंदूरच्या त्या रंगांच्या मिरवणुकीतला, तर मुळीच नको. कोट, हाताची घडी, मागे पांढरी भिंत. इंदूरच्या मे महिन्यात कोट घालून उभी राहिलेली बाई बघितली की मालक लोक ओळखतात, ही कशालाच नाही म्हणणार नाही.

मग हेडलाइन. इथे 220 अक्षरं मिळतात, ती सगळी संपवा. ‘परचेस मॅनेजर, ऑटो पार्ट्स, इंदूर’ असं सरळ लिहिलंत तर परचेस मॅनेजर हवा असणाऱ्याला तुम्ही सापडून बसाल, कारण ही मंडळी पदाचं नाव, स्किल आणि गाव टाकूनच शोधतात. हा धोका कशाला पत्करायचा? ‘व्हिजनरी, चेंजमेकर, स्टोरीटेलर, लाइफलाँग लर्नर’ असं लिहा. ‘पिथमपूरच्या प्लांटसाठी लाइफलाँग लर्नर पाहिजे’ असं आजवर कोणी शोधलेलं नाही, पण तुमच्या नशिबाने शोधतीलही.

स्किल्स शंभर टाकता येतात. शंभर टाका.

त्या स्किल्सना बाकीच्यांनी एन्डॉर्समेंट द्यायची असते, म्हणजे ‘हो, हिला हे येतं’ असं छातीवर हात ठेवून सांगायचं. माझ्या ‘सॅप’ला (कंपन्या खरेदी-हिशोबाला वापरतात ते सॉफ्टवेअर) पहिली एन्डॉर्समेंट आली ती ग्वाल्हेरच्या आत्याच्या यजमानांची. ते तबला शिकवतात. देऊन झाल्यावर त्यांनी फोन करून विचारलं, “अगं, हे सॅप म्हणजे काय?” माणूस प्रामाणिक आहे हो, निदान विचारलं तरी.

फोटोभोवतीची ती हिरवी ‘ओपन टू वर्क’ची पट्टी 2020 पासून मिळते. ‘मी नोकरी शोधतेय’ हे फक्त रिक्रूटर लोकांनाच दिसावं अशीही सोय आहे, तिकडे ढुंकून बघू नका. सगळ्या गावाला दिसू दे. मी पट्टी लावली आणि तासाभरात तीन फोन आले. पहिला विमावाल्याचा. दुसरा ‘घरबसल्या महिना चाळीस हजार’वाल्या ताईंचा. तिसरा चुलत दिरांचा. “वहिनी, दादाचं सगळं ठीक चाललंय ना?” आता यातून निवड करायची म्हणजे अवघडच.

प्रीमियम अवश्य घ्या. तुमचं प्रोफाइल कोणकोण बघून गेलं ते फुकटवाल्यांना जेमतेम दाखवतात, पैसे भरले की बरंच दाखवतात. नोकरी कोणीच दिली नाही हे कळतंच. कोणकोणी दिली नाही हेही कळायला नको का? शिवाय मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये 26.2 अब्ज डॉलर मोजून हे दुकान घेतलंय, ते वसूल कोणी करायचे?

रोज एक पोस्ट टाका. विषय मिळत नसेल तर सकाळी पोहे खायला जा आणि परत येऊन लिहा की आज पोहेवाल्याने मला कस्टमर रिलेशनशिप शिकवली. एक वाक्य, मग रिकामी ओळ, मग पुन्हा एक वाक्य. त्या बिचाऱ्याने ‘जीरावन डालूँ?’ एवढंच विचारलं होतं, हे लिहायची गरज नाही.

‘अप्लाय’चं बटण दाबा, मग कंपनीच्या पोर्टलवर जा आणि तेच सगळं पुन्हा भरा.

आता करिअर ब्रेकचा कॉलम. हा नीट वाचा, माझी नोकरी इथेच लागली.

मार्च 2022 मध्ये लिंक्डइनने ही सोय केली. नोकरीत खंड पडला असेल तर लपवू नका, अभिमानाने लिहा म्हणे. त्यासाठी तेरा प्रकार दिलेत. प्रवास, समाजसेवा, बाळंतपणानंतर मुलांचं, आणि ‘केअरगिव्हिंग’, म्हणजे घरच्या आजारी माणसाचं करणं. मी चौदा वर्षं पिथमपूरच्या एका कारखान्यात परचेस सांभाळलं. पहाटे बस, रात्री बस. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. तीन वर्षं मी घरी होते. त्या गेल्या. मी भाबडेपणाने तो प्रकार निवडला आणि दोन ओळी खऱ्या लिहिल्या.

इंदूरच्याच विजयनगरच्या एका कंपनीतून फोन आला. “मॅम, योर प्रोफाइल इज व्हेरी इम्प्रेसिव्ह.” पहिली मुलाखत ऑनलाइन. एचआरवाली माझ्या भाचीच्या वयाची.

“मॅम, ये तीन साल आप क्या कर रहे थे?”

“सास बीमार थीं. लिखा है उसमें.”

“नहीं, मतलब, प्रोफेशनली?”

प्रोफेशनली मी काही केलं नव्हतं. रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलून देणं हे कुठल्या स्किलमध्ये बसतं मला माहीत नाही, शंभरांत नाही. तिने काहीतरी टाइप केलं, आवाज ऐकू आला.

दुसरी फेरी. “तीन साल में मार्केट बहुत चेंज हो गया है, मॅम.” इंजिनातलं गॅस्केट अजून गॅस्केटच आहे, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. कोट घातला होता ना.

तिसरी फेरी पगाराची. मी आधीच्याच पगाराचा आकडा सांगितला, एक रुपया वाढवला नाही. “मॅम, इंदौर तो सस्ता है ना?” पोहे स्वस्त आहेत हो. पोह्यांत राहता येत नाही. “दो दिन में कन्फर्म करते हैं.”

दोन दिवस. मग एक आठवडा. मी एक मेल केला, उत्तर नाही. दुसरा केला, उत्तर नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी जुन्या ऑफिसातल्या एकाचा मेसेज: “मॅडम, काँग्रॅट्स! आपकी तो स्टोरी वायरल हो गई!” सोबत लिंक. पोस्ट इंग्रजीत होती, मराठीत सांगते.

“आज मी एका बाईची मुलाखत घेतली.”

आज नव्हे, तीन आठवड्यांपूर्वी.

“चौदा वर्षं परचेस, मग तीन वर्षांची गॅप. तिचे हात थरथरत होते.”

हात थरथरत नव्हते. लाइट गेली होती, इन्व्हर्टरने मान टाकली होती, आणि मोबाइल हातात धरून मी चाळीस मिनिटं गच्चीवर उभी होते.

“ती म्हणाली, माझ्या सासूबाई आजारी होत्या. मी म्हणाले, ही गॅप नाही. ही लीडरशिप आहे.”

कधी म्हणालीस?

“तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला तिथल्या तिथे घेतलं.”

कुठे घेतलं? कडेवर?

शेवटी ‘अग्री?’ असा प्रश्न, आणि खाली शेकडो माणसं अग्री. कोणी लिहितंय, अशा एचआर सगळीकडे हव्यात. कोणी लिहितंय, डोळे पाणावले. त्या जुन्या सहकाऱ्याने उत्साहाच्या भरात तिथेच माझं नाव टॅग केलं: ‘ही तर आमची मॅडम!’ आणि एचआरबाईंनी त्यालाही बदाम दिला. मग अभिनंदनांची रांग लागली. आत्याच्या यजमानांचं पहिलं.

मी तिला मेसेज केला: मला ऑफर लेटर मिळालेलं नाही. या वेळी मात्र दहा मिनिटांत उत्तर. “मॅम, पोस्ट थोड़ी जनरलाइज़ की थी. हायरिंग अभी होल्ड पे है. कीप इन्स्पायरिंग!”

तर वाचकहो, पुढची टीप अशी की मुलाखतीत... जाऊ दे. टीप नाही. मला आता गंमत सुचत नाहीये.

अगं बाई, माझ्या सासूबाई तुझ्या पोस्टसाठी आजारी पडल्या नव्हत्या. त्या मला तीन वर्षं नावाने हाक मारू शकल्या नाहीत, आणि तू त्यांना लाइक मिळवायला वापरलंस. तीन फेऱ्यांत त्यांचं नावसुद्धा विचारलं नाहीस. नोकरी नसेल तर नको देऊ. वय जास्त वाटलं, पगार जास्त वाटला, तरी नको देऊ, तो तुझा हक्क आहे. पण ‘नाही’ असं सांग! चौदा वर्षं मी कोटेशन मागवत होते. एका गॅस्केटसाठी पाच-पाच पुरवठादार यायचे, घ्यायचं एकाचं. उरलेल्या चौघांना संध्याकाळच्या आत मेल जायचा: या वेळी आपला भाव बसला नाही, पुढच्या वेळी जरूर पाठवा. दोन ओळी. का, तर त्याने माल अडवून ठेवू नये, माणसं बसवून ठेवू नयेत. गॅस्केटवाल्याला जे मिळायचं ते माणसाला मिळत नाही. त्याच लिंक्डइनवर नकार कळवायचीही सोय आहे, एवढं तरी शीक. आणि तुझ्या प्रोफाइलवरचा ‘पीपल फर्स्ट’चा बॅनर आधी उतरव.

आणि तुम्ही, अग्री म्हणणारे. तुमच्यातले अर्धे स्वतः कुणाच्या तरी ‘दोन दिवसांत कळवतो’वर बसलेले आहात, मला माहीत आहे. तुमच्याही मेलला उत्तर नाही. तरी तुम्ही असलं वाचून डोळे पुसता आणि त्याच बाईला कनेक्शन पाठवता. एकानेही विचारलं नाही की ती बाई आज कामाला कुठे जाते. चार हजार माणसांत एकानेही!

पट्टी काढून टाकलीय. हेडलाइन बदलून ‘परचेस मॅनेजर, इंदूर’ केलीय. केअरगिव्हिंगच्या दोन ओळी मात्र तशाच ठेवल्यात, त्या मी काढणार नाही.

राहिल्या मावशी. त्यांना पोस्ट जनरलाइज करणं म्हणजे काय हे समजावून बघितलं, त्या म्हणाल्या, “अगं, पण नोकरी लागली ना?” शेवटी अर्धा किलो पेढे नेऊन दिले. बिल जपून ठेवलंय. होल्ड उठला की आधी तेच पाठवणार आहे.