दिव्याला टेप लावली, ब्रेकला काय लावणार?

भाच्यानं परवा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवला. खाली विचारलं होतं, ‘मामा, करू काय असं?’ त्यानं आपल्या डबल-केबिन पिकअपचं सस्पेन्शन खाली करून घेतलंय आणि तेव्हापासून डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र पेटलेलं आहे. मेसेजवाला म्हणतो, गाडी खाली केली की हा दिवा लागतोच, एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढा आणि दिव्यावर काळी टेप मारा. शिवाय म्हणे, खाली केलेली गाडी रस्त्याला चिकटून चालते, मायलेज वाढतं आणि केए पासिंगला, म्हणजे कर्नाटकात नोंदलेल्या गाडीला, महाराष्ट्रात कोण विचारत नाही.

फ्यूजचं आधी बोलू, कारण यात माणूस मरेल. एबीएस, चाकं जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आणि पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी, हे सगळं एकाच युनिटमधून चालतं. फ्यूज काढला की तिन्ही गेली. ब्रेक लागतात, पण रिकाम्या पिकअपच्या मागच्या बाजूला वजनच नसतं. जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपूट फिरतं. आमचा हा गडी पावसाळ्यात जांबोटीवरून चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करतो. तिथल्या ओल्या वळणावर गाडी आडवी झाली तर टेप काय करणार? बरं, फ्यूज काढल्यावर दिवे विझत नाहीत, उलट आणखी पेटतात. म्हणून तर टेप सांगितलीय शहाण्यानं.

दिवा उगीच लागत नाही. गाडी खाली आली की चाकांचा टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आणि किती कललेली ते कोन, बदलतात. मग सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थोडं वाकडं धरावं लागतं. स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो गाडी वळतेय, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते मोजणारा यॉ सेन्सर सांगतो सरळ चाललीय. दोघांचं जुळेना की कॉम्प्युटर दिवा लावून मोकळा होतो. दुसरं कारण आणखी साधं: चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर सैल पडून टायरला घासते. भाच्याला म्हटलं, चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मार. डाव्या बाजूच्या वायरचं वरचं रबर घासून गुळगुळीत झालेलं.

गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते, एवढं खरं आहे, मान्य. पण ओल्या रस्त्यावर पकड टायरची असते. आणि खानापूर रस्त्याच्या खड्ड्यात सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आदळायला लागलं की ती पकडही सुटते.

मायलेजवर शाई वाया घालवत नाही.

पासिंगचं मात्र ऐका. मोटार वाहन कायदा 1988 हा केंद्राचा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची कोगनोळी ओलांडली म्हणून बदलत नाही. कलम 52 म्हणतं, नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणे लावलं. स्प्रिंगा त्यात बसतात की नाही यावर वाद घालायचा तर घाला, पण बेळगावची केए-22 असो की कोल्हापूरची एमएच-09, कलम तेच.

भाच्याला सांगितलंय: आधी वायर बदल, मग अलाइनमेंट, मग स्कॅनर लावून स्टिअरिंग सेन्सर शून्यावर आणून घे. क्रम उलटा केलास तर दिवा परत येईल. आणि जमत असेल तर जुन्या स्प्रिंगा परत बसव, अजून गोठ्यात पडल्यात त्या.