टेक्सासचा नियम म्हणजे अमेरिकेचा नियम नव्हे

‘अमेरिकेत गाडीत पिस्तूल ठेवायला काही लागत नाही’ हे लेखातलं सरसकट वाक्य खटकलं. मी टेक्सासमधल्या डॅलसला राहतो. इथे सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ घेऊन फिरायला परवाना लागत नाही, हे खरं. पण न्यू जर्सीत टेक्सासचा परवाना चालतच नाही. तिथून नुसतं पुढे जायचं तरी गोळ्या काढून पिस्तूल डिकीत, कुलपात. ग्लोव्ह बॉक्स (डॅशबोर्डमधला कप्पा) चालत नाही, कुलूप असलं तरी! आणि एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांनो, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं हाच तुमच्यासाठी फेडरल, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत लागू असलेला, गुन्हा.

पोलिसांनी थांबवलं की मी आतला दिवा लावतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडीत पिस्तूल आहे हे आधी सांगतो, मगच पाकिटाला हात. शेजारी बायको पुटपुटते, “कशाला हवं होतं हे लचांड?”