तेल बघा, तेलाची धार बघा

इंजिन ऑइल निवडायला निघालेल्या माणसाला सल्लागारांची वानवा कधीच पडत नाही. ज्याला स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायचा खटका सापडत नाही, तोही छातीठोकपणे सांगतो, "जरा घट्टच टाक, इंजिन शांत राहतं." मग कॅनचं झाकण उघडून, बोट बुडवून, तेल अंगठ्यावर चोळून गंभीर चेहऱ्याने मान हलवायची. या चोळण्यातून काय कळतं, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

'तेल बघा, तेलाची धार बघा' ही म्हण काढणारा मात्र खरा जाणकार होता. प्रयोगशाळेत आजही हेच करतात. काचेच्या बारीक नळीतून तेल आपल्या वजनाने खाली सोडायचं आणि उतरायला किती सेकंद लागले ते मोजायचं. फरक इतकाच, की ते तेल आधी बरोबर १०० अंश सेल्सिअसला तापवलेलं असतं. तिथे बोट घालायला कोणी धजावत नाही.

आता कॅनवरचा तो '५डब्ल्यू-३०', म्हणजे तेलाचा ग्रेड. यातला डब्ल्यू वजनाचा नव्हे, विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. आकडे वाचून भल्याभल्यांचा समज होतो की हे तेल गार असताना ५ इतकं पातळ असतं आणि तापलं की ३० इतकं घट्ट होतं. तापल्यावर घट्ट होणारं तेल अजून जन्माला यायचंय. हे दोन आकडे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आहेत. ५ म्हणजे उणे ३० अंशांतही स्टार्टरला इंजिन फिरवता येईल आणि उणे ३५ अंशांत पंपाला तेल ओढता येईल. ३० म्हणजे १०० अंशांना त्याचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या मध्ये राहील. ४० चं तेल त्याच्या वरच्या पायरीवर, १६.३ पर्यंत. तेच ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांना मोजलं, तर साधारण सहापट दाट भरतं. म्हणजे सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवता तेव्हा सगळीच तेलं गरजेपेक्षा घट्ट असतात. 'जरा घट्टच टाक'वाल्यांना हे कोणीतरी समजावा.

घट्ट तेलाने आवाज थोडा दबतो, हे खरं. पण आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा केसासारख्या बारीक असतात. तिथे घट्ट तेल उशिरा पोहोचतं. पंपाचा दाब वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल बेअरिंगकडे जायचं सोडून मागच्या दाराने परत फिरतं. काट्यावर दाब झकास, बेअरिंग मात्र तहानलेलं. उलट, सांगितल्यापेक्षा पातळ तेल घातलं तर तापलेल्या इंजिनात बेअरिंगवरचा थर विरळ होतो आणि सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा डोळे मिचकावायला लागतो.

एवढं पाठ केलं की कॅनच्या मागची अक्षरं समोर येतात. वर्तुळाकार शिक्क्यात 'एपीआय एसपी' वगैरे लिहिलेलं असतं; एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम उद्योगाची संस्था. एस पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी. एसच्या नंतरचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितकं तेल नवं, आणि पेट्रोलमध्ये नवं तेल सहसा जुन्या इंजिनाला चालतं. उलटं चालत नाही. एसपी २०२० साली आलं. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोर लावला की ठिणगीच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. तेलातलं कॅल्शियम त्याला हातभार लावतं, म्हणून तेलाची घडणच बदलावी लागली. डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, असेल, तर कमी राखेचं तेल हवं, म्हणजे कॅनवर एसीईए या युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेच्या 'सी' वर्गातला शिक्का. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, राख जळत नाही. ती तिथेच ठाण मांडते.

आता खरी गंमत. हे सगळं, ग्रेडपासून शिक्क्यापर्यंत, गाडीच्या मॅन्युअलमध्ये एका ओळीत छापलेलं असतं. ते मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं, आयुष्य काढत असतं. त्यात तेलाचं मापही असतं, तेही दोन प्रकारचं: फिल्टर बदलून आणि न बदलता. इंजिनाला लागतं ३.४ लिटर, कॅन येतो ४ चा. उरलेल्या ६०० मिलिलिटरकडे बघून माणसाचा जीव तुटतो आणि 'उरलंय तर घालून टाकू' हा महापापी विचार मनात येतो. घालू नका. पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्ट तेलात घुसळण घालतो, फेस होतो, आणि पंप तेलाबरोबर हवा ओढतो.

दुसरा हमखास घोटाळा फिल्टरचा. जुना फिल्टर निघतो, पण त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला, की दोन रिंगा एकमेकींवर सरकतात आणि पाहता पाहता सगळं तेल जमिनीवर येतं. म्हणून आधी बोट फिरवून बघायचं, नव्या रिंगला तेलाचं बोट लावायचं, आणि रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा. जुनं तेल सोडायच्या ड्रेन नटाचा वॉशर नवा. पाना मारताना कोणाचा राग काढू नये. खालचा तेलाचा चेंबर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, आटे लगेच जातात.

रंगावरून घाबरणाऱ्यांसाठी: डिझेलचं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. घाबरायचं ते तेल दुधाळ दिसलं तर, कारण कूलंट मिसळत असू शकतं. आणि डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या कांडीवर, पातळी आपोआप वाढत असेल, तर खूश होऊ नका. तेलाला पेट्रोलचा वास येतोय का बघा; छोट्या छोट्या फेऱ्यांत ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं.

शेवटी इंजिन चालू करायचं, काही सेकंदांत दिवा विझला की मिनिटभर चालवून बंद करायचं. गाडी सपाटीवर हवी. पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढायची, पुसायची, पूर्ण आत घालून परत काढायची, आणि दोन खुणांच्या मध्ये कुठे ओलं आहे ते शोधायचं. नवं तेल इतकं नितळ असतं, की काही दिसतच नाही. मग कांडी आडवी धरून उजेडाकडे तिरकी करत बसायचं.