बोअरच्या गाडीमागं वही घेऊन कोण जाणार?

सोलापूरला फोन लावला की उन्हाळ्यात विषय उजनीचा. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं की नाही, इथून सुरुवात होते आणि हल्ली का कोण जाणे, सोलापूर विद्यापीठावर येऊन थांबते. ‘एका जिल्ह्याचं विद्यापीठ, तिथं कसलं आलंय संशोधन? भूशास्त्र शिकायचंय तर पुण्याला जावं,’ हे आमच्या मामांचं मत. माझ्या वर्गमित्रांना उलट रँकिंग हवं, परदेशी नियतकालिकांत निबंध हवेत, कोट्यवधींची यंत्रं हवीत. मला दोन्ही पटत नाही. शेतात बोअर मारताना किती फुटांवर कोणता खडक लागला, एवढं विद्यापीठाच्या पोरांनी लिहून ठेवलं तरी ते संशोधनच.

2004 साली निघालेलं, आता अहिल्यादेवींच्या नावाचं आपलं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं आहे, हेच तर भूशास्त्राच्या सोयीचं. सुमारे 15 हजार चौरस किलोमीटर बसाल्ट, आणि बार्शीपासून मंगळवेढ्यापर्यंतची पोरं दर सुट्टीला त्याच जमिनीवर घरी जातात.

मी इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहते. जवळच्या कीवर्थ गावात ब्रिटिश भूसर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आहे. इथं पाण्यासाठी 15 मीटरपेक्षा खोल बोअर मारायची तर त्या संस्थेला कळवावं लागतं, आणि किती फुटांवर कोणता खडक लागला ती नोंद द्यावी लागते. कायदाच आहे तसा. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी तिथं जमल्यात. गोपनीय सोडल्या तर बाकीच्या कुणीही घरबसल्या नकाशावर बघाव्यात.

आता आपल्याकडचं बघा. तमिळनाडूच्या नंबरप्लेटची गाडी रात्री शेतात येते. रॉडमागून रॉड खाली जातो, वर येणाऱ्या भुकटीचा रंग बदलत राहतो: मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बसाल्ट), काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा लाल थर. सगळं शिवार जमलेलं असतं, पण नजर फक्त ओलीवर. बोअर फेल गेली की पाणाड्याच्या नारळाला शिव्या, मग नशिबाला. सकाळी भुकटी पायाखाली जाते आणि कर्ज तेवढं उरतं. खरं तर फेल गेलेली बोअरही शेजाऱ्याच्या कामाची असते, फक्त कुणी लिहून ठेवलं पाहिजे.

नॉटिंगहॅमखालचा वालुकाश्म सच्छिद्र आहे, तिथं एका बोअरवरून शेजारच्या बोअरचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. आपल्या बसाल्टात पाणी झिजलेल्या थरात, मांजऱ्यात आणि भेगांत. एका बांधावर लागतं, पलीकडच्या बांधावर ठणठणीत कोरडं. म्हणजे नोंदींची गरज इंग्रजांपेक्षा आपल्याला जास्त. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण त्या विहिरी गावागावांत विखुरलेल्या. प्रत्येक गटाखाली काय आहे, हे त्या कुठून सांगणार?

इंग्लंडचं कौतुक फार करू नये, तेही सांगते. नोंदी आहेत म्हणून पाणी स्वच्छ आहे असं नाही. 2019 च्या तपासणीत रासायनिक निकषांवर इथली एकही नदी पास झाली नव्हती. विद्यापीठांत नोकरकपातही चालू आहे. आणि संशोधन सोलापूरला परकं थोडंच आहे? ज्वारीची मालदांडी 35-1 जात मोहोळच्या केंद्रात निवडली गेली, कोरडवाहू शेतीचं केंद्र 1933 पासून आहे. 2018 आणि 2019 मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूरच्या ढगांत विमानानं बीजारोपण केलं, तेव्हा सुमारे 100 चौरस किलोमीटरवर सरासरी 18 टक्के पाऊस जास्त पडल्याचं दिसलं. चांगलंच झालं. पण त्याला विमान लागतं, रडार लागतं, आणि मुळात ढग लागतात. भुकटीच्या पुड्या बांधून त्यांवर फूट लिहायला वही, मोबाइलमधलं जीपीएस आणि एक जागणारा विद्यार्थी पुरे.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘खोली लिहून दिली की उद्या तलाठी दारात.’ भीती खोटी नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि आमच्याकडं त्याहून उथळ बोअर आता कोण मारतंय? म्हणून नोंद विद्यापीठाकडेच राहावी, शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर बाहेर जाऊ नये, नकाशावर फक्त गाव दिसावं. एवढं लेखी दिलं तर आमच्या दोन फेल बोअरची माहिती द्यायला मामा तयार आहेत. चालू असलेल्या बोअरची मात्र नाही म्हणतात.