मेल परत आली म्हणून आयपी बदलू नका

कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: "मेल बाउन्स व्हायला लागल्या म्हणजे आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेला. नवा आयपी घ्या, अडकलेली रांग फ्लश करा, एसपीएफच्या शेवटी प्लस ऑल लावा, डीमार्क रिजेक्टवर टाका. अर्ध्या तासात प्रश्न मिटतो." (आयपी म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक. ब्लॅकलिस्ट म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी. फ्लश म्हणजे रांगेतल्या सगळ्या मेल लगेच पुन्हा पाठवून पाहणं. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी डीएनएस नोंद. डीमार्क म्हणजे पडताळणीत फसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद.) हा सल्ला जसाच्या तसा पाळला की एका दिवसाचं दुखणं महिनाभर पुरतं. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊ. उदाहरणं पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत.

"बाउन्स म्हणजे ब्लॅकलिस्ट."

परत आलेल्या मेलमध्ये कारण लिहिलेलं असतं. ते कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, एवढंच. कोड ४ ने सुरू होत असेल तर समोरचा सर्व्हर 'नंतर या' म्हणतोय, आणि आपला सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का. ५.१.१ म्हणजे त्या नावाचा मेलबॉक्सच नाही. बहुतेक वेळा पत्ता टाइप करताना चूक झालेली असते. ५.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय. जीमेलने ५.७.२६ दिलं तर एसपीएफ-डीकेआयएमची (डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही) पडताळणी फसली आहे, ५.७.२५ दिलं तर आयपीची पीटीआर नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) नाही किंवा जुळत नाही. यातल्या एकावरही नवा आयपी हे औषध नाही. लॉगमध्ये सगळ्याच ठिकाणी 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसत असेल तर बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) बंद आहे का ते आधी पाहा. अनेक क्लाउड कंपन्या तो मुळातच बंद ठेवतात.

खरंच यादीत नाव गेलं असेल तर नकाराच्या मजकुरात सहसा त्या यादीचं नाव असतं. स्पॅमहाउस या अशा याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत असाल तर त्यांच्या साइटवर आयपी टाकून कारण वाचता येतं आणि नाव काढायला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

"नवा आयपी म्हणजे कोरी पाटी."

मेल पाठवण्याच्या बाबतीत कोरी पाटी ही अडचण असते. ज्या आयपीवरून कधी मेल आलेली नाही, तिथून अचानक हजार मेल सुटल्या की मोठे सर्व्हर त्या थोपवतात. शिवाय नवा आयपी ब्रॉडबँडच्या पट्ट्यातला निघाला तर तो आधीपासूनच स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (जिथून थेट मेल येणं अपेक्षित नाही अशा पत्त्यांची यादी) असू शकतो, कुणी स्पॅम पाठवलेला नसतानाही. पीटीआर नोंद पुन्हा करून घ्यावी लागते, आणि ती तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही. आयपी ज्याच्या मालकीचा त्या कंपनीकडेच मागावी लागते. ती नोंद ज्या नावाकडे बोट दाखवते, ते नाव उलट त्याच आयपीवर यायला हवं. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही मिळालेला असतो आणि त्याची पीटीआर सगळे विसरतात. मग काही मेल जातात, काही परत येतात, आणि कारण दिवसभर सापडत नाही. ती नोंद होईपर्यंत पोस्टफिक्सची इनेट-प्रोटोकॉल्स ही सेटिंग फक्त आयपीव्ही४ वर ठेवा.

आणि नाव डोमेनचं खराब झालं असेल तर? जीमेल डोमेनची पत वेगळी मोजतं, स्पॅमहाउसची डोमेनसाठी वेगळी यादी आहे. तिथे आयपी बदलून काहीच साधत नाही.

मुळात आयपी यादीत गेला कशामुळे, हा प्रश्न तो सल्ला विचारतच नाही. छोट्या ऑफिसांत याचं नेहमीचं उत्तर म्हणजे कुणाचा तरी पासवर्ड फुटलेला असतो. शोधायला दहा मिनिटं पुरतात. लॉगिन करून पाठवलेल्या प्रत्येक मेलच्या नोंदीत 'एसएएसएल युजरनेम' आणि त्यापुढे खात्याचं नाव असतं. ती नावं मोजून उतरत्या क्रमाने लावा. अकाउंट्स विभागातून दिवसाला पन्नास-साठ मेल जात असतील आणि त्याच नावापुढे रात्री दोन ते तीनच्या दरम्यान काही हजार नोंदी दिसत असतील, तर चोर सापडला. शेजारीच लॉगिन करणाऱ्याचे आयपी असतात, आणि ते पाच-सहा देशांतले निघतात. एसएएसएलचं नाव कुठेच नाही, पण पिकअपच्या ओळीत (त्याच सर्व्हरवरच्या प्रोग्रामने दिलेल्या मेलची नोंद) 'यूआयडी ३३' हा युजर क्रमांक आहे, तर उबंटू-डेबियनवर तो वेबसर्व्हरचा युजर असतो. म्हणजे दोष वेबसाइटच्या संपर्क फॉर्ममध्ये किंवा कुणी घुसवलेल्या पीएचपी फाइलमध्ये आहे.

खातं सापडलं की आधी रांग रोखा: पोस्टसुपर या रांग हाताळणाऱ्या आज्ञेला छोटा एच आणि ऑल दिलं की सगळ्या मेल होल्डवर जातात. नंतर त्या सोडायला मोठा एच लागतो, दोन्हींत गल्लत करू नका. मग पासवर्ड बदला. पण आधीच उघडलेली जोडणी पासवर्ड बदलल्याने तुटत नाही, म्हणून ते आयपी फायरवॉलवर अडवा आणि पोस्टफिक्स व डोव्हकॉट (मेलबॉक्स आणि लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर) दोन्ही रीस्टार्ट करा. रांगेतला स्पॅम काढताना पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून निवडू नका, तो बहुधा खोटा असतो. लॉगमधून त्या एसएएसएल नावाचे रांग-क्रमांक काढा आणि तेवढेच डिलीट करा. 'मेलर डेमन'च्या (म्हणजे खुद्द सर्व्हरच्या) नावाने साचलेले बाउन्सही त्याच स्पॅमचे असतील तर काढा. सरसकट डिलीट केलंत तर ग्राहकांची कोटेशनंही त्यात जातील.

एक जागा हमखास राहून जाते. त्या खात्याचे फिल्टर आणि फॉरवर्ड उघडून पाहा. 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेली मेल परक्या पत्त्यावर पाठवणारा नियम तिथे लावलेला असू शकतो. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलून पैसे पळवण्याची तयारी अशीच होते, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो.

"रांग फ्लश करा."

अडकलेल्या मेलसाठी पोस्टफिक्स स्वतःच ३०० ते ४,००० सेकंदांच्या अंतराने प्रयत्न करतं आणि पाच दिवस सोडत नाही. समोरच्याने वेग कमी करा म्हटलेलं असताना फ्लश मारणं म्हणजे त्याचंच दार पुन्हा बडवणं. त्यातून रांगेत स्पॅम असेल आणि आयपी नुकताच बदललेला असेल, तर तो सगळा स्पॅम नव्या आयपीवरून सुटतो. नवा आयपी पहिल्या तासातच यादीत जातो, तो असा.

"एसपीएफला प्लस ऑल."

याचा अर्थ जगातल्या कुठल्याही सर्व्हरला तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी. शेवटी टिल्ड ऑल (बाकीचे संशयास्पद) किंवा मायनस ऑलच (बाकीच्यांना मनाई) हवं. एसपीएफ फसण्याची खरी कारणं साधी असतात. एकाच डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी असतात, किंवा इन्क्लूड (दुसऱ्या सेवेची एसपीएफ नोंद जोडणारे भाग) वाढत जाऊन डीएनएस चौकशांची १० ची मर्यादा ओलांडलेली असते. थेट लिहिलेला आयपी त्या १० मध्ये धरला जात नाही, म्हणून स्वतःच्या सर्व्हरसाठी तोच वापरा.

"डीमार्क लगेच रिजेक्ट."

पगारपत्रक पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइट, जाहिरातीच्या मेल पाठवणारी सेवा, हे सगळं तुमच्याच डोमेनच्या नावाने मेल पाठवत असतं. पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावलंत तर यातल्या पडताळणीत न जुळणाऱ्या मेल बंद पडतात, आणि कळतं ते पगार झाल्यावर. आधी 'नन' (काही कारवाई नको) ठेवा, अहवालासाठी पत्ता द्या, दोन-चार आठवडे अहवाल वाचा, मग क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने त्यांच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं, तरी तिथेही 'नन' चालतं.

आयपी बदलणं कधी बरोबर ठरतं? शेजाऱ्यांच्या स्पॅममुळे होस्टिंग कंपनीचा अख्खा पट्टाच यादीत गेला असेल आणि कंपनी हलत नसेल, तेव्हा. मग बदला, पण घाई नको. डीएनएस नोंदींचा टीटीएल (इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ साठवून ठेवतात तो काळ) एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा, पीटीआर मिळवा, पहिले काही दिवस थोड्याच मेल पाठवा. जुना आयपी एसपीएफमधून लगेच काढू नका. जुन्या सर्व्हरच्या रांगेतली शेवटची मेल पाच दिवसांपर्यंत निघू शकते.